'अवे ऑल बोट्स' आणि खडकवासल्याचं जहाज

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण १९५६ सालचा 'अवे ऑल बोट्स' हा हॉलिवूडचा सिनेमा पाहिला. चहाच्या वेळी दोन मतं ऐकू आली. सिनेमा जुना आणि बाळबोध आहे हे एक, आणि बेळगावच्या इतिहास मंडळानं पॅसिफिकमधल्या अमेरिकी जहाजाचा सिनेमा बघायचं कारण काय, हे दुसरं. पहिलं मत मला बरंचसं मान्य आहे. दुसऱ्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण त्यात माझी एक जुनी चूक गुंतलेली आहे. ती शेवटी सांगतो, आधी सिनेमाबद्दल बोलू.

मी व्यवसायानं मेकॅनिकल इंजिनिअर. उद्यमबागेत तीस वर्षं कास्टिंगं ओतली, मशीनिंग केलं, माल डिस्पॅच केला. इतिहास वाचायला लागलो तो चाळिशीच्या आसपास, कुणी शिकवलं म्हणून नव्हे. त्यामुळे सिनेमा बघताना माझा डोळा नटांवर कमी आणि मागच्या यंत्रावर जास्त असतो. हा दोष समजा हवं तर. पण या सिनेमाच्या बाबतीत तो उपयोगी पडला.

गोष्ट थोडक्यात अशी. बेलिंडा नावाचं अमेरिकी नौदलाचं 'ॲटॅक ट्रान्सपोर्ट' आहे, म्हणजे सैनिकांना शत्रूच्या किनाऱ्यासमोर नेऊन छोट्या बोटींतून उतरवणारं जहाज. कॅप्टन हॉक्स (जेफ चँडलर) कडक, एकलकोंडा माणूस. त्याच्या हाताखाली लेफ्टनंट मॅकडुगल (जॉर्ज नेडर) हा व्यापारी जहाजांवरून आलेला अधिकारी. खलाशी कच्चे, बोटी एकमेकींवर आदळताहेत. मग एकेक बेट, एकेक चढाई, आणि शेवटी ओकिनावाला जपानी आत्मघाती विमानांचा हल्ला. मॅकडुगलची बायको (ज्युली ॲडम्स) मधेमधे येते, कारण तिकीट काढणाऱ्या घरच्या मंडळींना ती हवी असणार. क्लिंट ईस्टवुड एका मिनिटापुरता वैद्यकीय सेवकाच्या वेषात दिसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा गलका तेव्हाच झाला!

सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला ती केनेथ डॉड्सन यांची, १९५४ सालची. डॉड्सन आधी व्यापारी जहाजांवर होते आणि युद्धात 'पिअर्स' नावाच्या ॲटॅक ट्रान्सपोर्टवर त्यांनी नोकरी केली. कवी कार्ल सँडबर्ग यांनी त्यांची युद्धकाळातली पत्रं वाचून त्यांना लिहायला लावलं. म्हणजे हा माणूस ऐकीव लिहिणारा नव्हे. त्याला बोट खाली सोडताना दोराला येणारा झटका ठाऊक होता, आणि महिनोन्महिने तेच तेच काम करून माणसं कशी चिडतात हेही ठाऊक होतं.

सिनेमा इथेच घसरतो. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी यांच्या हातात आल्यावर ती कॅप्टनची गोष्ट झाली. हॉक्स आपल्यासाठी एक शिडाची होडी बांधायला लावतो. माणसं एकमेकांवर चिडण्यापेक्षा आपल्यावर चिडू देत, म्हणजे एकत्र येतील, असा त्याचा डाव. कल्पना नाटकात शोभेल. पण ज्या जहाजावर पाचशेच्या वर खलाशी आणि दीड हजार सैनिक, त्या जहाजाचं गाडं कॅप्टनच्या एका युक्तीनं चालतं, हे कारखाना चालवलेल्या माणसाला पटत नाही. मालकाचा राग सगळ्यांना येतो म्हणून पाळी वेळेवर सुटत नाही. पाळी वेळेवर सुटते ती आदल्या दिवशी कुणीतरी साचे नीट लावून ठेवलेले असतात म्हणून.

या जहाजांचं खरं नाट्य नेमकं तिथेच होतं, साचे लावण्यात. इंग्रजीत त्याला 'कॉम्बॅट लोडिंग' म्हणतात. व्यापारी जहाज भरताना हिशेब एकच, जागा वाया जाता कामा नये. डब्यात पोळ्या रचाव्यात तसा माल रचायचा. ॲटॅक ट्रान्सपोर्ट भरताना हा नियम उलटा होतो. किनाऱ्यावर जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे ते वर राहील. दारूगोळा, पाणी, पट्ट्या, वायरलेस संच, जीप, हे ज्या क्रमानं खाली लागणार त्याच्या उलट क्रमानं वर जाणार, आणि त्यापायी तळघरात मोकळी जागा राहिली तर राहू दे. आपल्याकडे लग्नाचा टेम्पो भरणारा आचारी हेच करतो. कढया-शेगड्या शेवटी चढवतो, कारण कार्यालयात पोचल्या पोचल्या आधी चूल पेटली पाहिजे. पत्रावळी तळाला गेल्या तरी चालतं. फरक इतकाच की इथे क्रम चुकला तर जेवायला उशीर होतो, आणि तिथे पाण्याचे डबे जीपखाली अडकले तर किनाऱ्यावर माणसं मरतात.

हे काम बघायला प्रत्येक जहाजावर भूदलाचा किंवा मरीनचा एक अधिकारी असे, ट्रान्सपोर्ट क्वार्टरमास्टर. तळघरांचे नकाशे पसरून, गाड्यांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे मापानं कापून, ते त्या नकाशांवर सरकवत बसायचं. शॉप फ्लोअरचा लेआउट मीही असाच केला आहे, पुठ्ठे कापून, रात्री दोनपर्यंत. सिनेमात या माणसाला जागा नाही. कॅप्टनच्या होडीला आहे.

एवढं बोलून झाल्यावर आता दुसरी बाजू. हा सिनेमा मी आतापर्यंत सहा वेळा पाहिला आहे, आणि सातव्यांदाही बघेन. कारण कथेच्या मागे जे उभं आहे ते खरं आहे. अमेरिकी नौदलानं चित्रीकरणासाठी 'रँडल' हे खरंखुरं ॲटॅक ट्रान्सपोर्ट दिलं होतं. ते हॅस्केल वर्गातलं. १९४४-४५ या दोन वर्षांत या वर्गाची ११७ जहाजं बांधली गेली. 'व्हिक्टरी' या मालवाहू जहाजाचाच सांगाडा घेऊन तो सैनिकांसाठी बदलला होता. लांबी ४५५ फूट, रुंदी ६२ फूट, वेग ताशी १७ सागरी मैलांहून थोडा जास्त, आणि पोटात सुमारे दीड हजार सैनिक. डॉड्सन यांचं 'पिअर्स' या वर्गातलं नव्हतं, थोडं आधीचं होतं; त्यामुळे जाणकाराला पडद्यावरची बेलिंडा कादंबरीतल्या बेलिंडापेक्षा वेगळ्या बांध्याची आहे हे दिसतं. ते मी माफ करतो.

माफ करतो कारण ते जहाज तिथे काम करताना दिसतं. आणि रंगीत, व्हिस्टाव्हिजनच्या रुंद चौकटीत! युद्धातल्या चित्रफिती बहुतेक काळ्यापांढऱ्या, हलत्या, आणि कॅमेरावाला जीव मुठीत धरून उभा. इथे तिपाईवर कॅमेरा लावून, उन्हात, सावकाश दाखवलं आहे की डॅव्हिटवरून बोट कशी बाहेर झुकते, समुद्राच्या हेलकाव्यात तिचे दोर कसे ताणतात आणि सैल पडतात, बोटी जहाजाच्या बाजूला गोल गोल कशा फिरत राहतात. ते गोल फिरणं प्रेक्षकाला कंटाळवाणं वाटतं. आपल्या बैठकीत कुणीतरी 'आता पुढं ढकला' असं म्हणालंही. पण चढाईचा अर्धा वेळ त्यातच जाई. सगळ्या बोटी भरल्याशिवाय रांग लागत नाही, रांग लागल्याशिवाय ठरलेल्या रेषेवरून सुटता येत नाही, आणि तोवर आतली छत्तीस माणसं डिझेलचा धूर खात, उलट्या करत उभी.

त्या बोटींबद्दल दोन शब्द. एलसीव्हीपी, लोकांच्या तोंडी हिगिन्स बोट. लांबी ३६ फूट, बांधणी मुख्यतः प्लायवूडची, पुढे लोखंडी फळी जी पडली की उतरंड होते. न्यू ऑर्लिन्सचे अँड्र्यू हिगिन्स आधी लुइझियानाच्या दलदलीत शिकारी आणि तेलविहिरीवाल्यांसाठी उथळ पाण्याच्या बोटी बनवत. पुढची पडणारी फळी त्यांच्या मूळ बोटीला नव्हती. तशी फळी असलेल्या जपानी बोटी व्हिक्टर क्रुलाक या मरीन अधिकाऱ्यानं १९३७ साली शांघायला पाहिल्या आणि फोटोसह अहवाल पाठवला. शत्रूचं तंत्र शत्रूवरच उलटलं म्हणा. माझ्या मते खरी करामत मात्र फळीत नाही, मागच्या बाजूला आहे. पंखा तळाच्या खोबणीत असा बसवला होता की वाळूवर चढलेली बोट स्वतःच्या ताकदीनं मागे सरकून परत जहाजाकडे जाऊ शके. किनाऱ्यावर जाणं कुठल्याही होडीला जमतं. परत येऊन दुसरी खेप भरणं, यात डिझाइन आहे.

तरीही तिला पाणी लागे, भरल्यावर मागे तीनेक फूट. २० नोव्हेंबर १९४३ रोजी तरावाला बेशिओच्या प्रवाळकड्यावर तेवढंही पाणी नव्हतं. बोटी कड्यावर अडकल्या आणि मरीन सैनिकांना शेकडो यार्ड छातीभर पाण्यातून, मशीनगनच्या माऱ्यात चालत जावं लागलं. असल्या हिशेबाच्या चुका या सिनेमात नाहीत. इथे संकट नेहमी शत्रूकडून येतं, भरतीच्या कोष्टकातून कधी येत नाही. नौदलाचं जहाज उसनं घेऊन केलेल्या सिनेमात ते येणारही नव्हतं.

शेवटचा विमानहल्ला मात्र बढवून सांगितलेला नाही, हे नमूद केलं पाहिजे. काहींना तो फिल्मी वाटला. ओकिनावाच्या पहिल्याच दिवशी, १ एप्रिल १९४५ रोजी, हॅस्केल वर्गातल्याच 'हिन्सडेल'वर आत्मघाती विमान आदळलं, इंजिनघरात पाणी शिरलं आणि जहाज ओढत न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी 'हेन्रिको'च्या थेट ब्रिजवर विमान आलं. ४९ माणसं गेली, त्यात जहाजाचा कॅप्टनही होता. हेच 'हेन्रिको' दहा महिन्यांपूर्वी नॉर्मंडीला ओमाहा किनाऱ्यासमोर उभं होतं. एका जहाजाच्या नशिबी दोन्ही समुद्र.

नॉर्मंडीचं नाव निघालं की 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'शी तुलना होणारच, आणि ती आपल्याकडेही झाली. रायनची पहिली वीस-पंचवीस मिनिटं भयंकर प्रभावी आहेत, वाद नाही. पण त्यात सैनिक किनाऱ्यावर जणू समुद्रातूनच उगवतात. ज्या जहाजातून ते आले ते दिसतच नाही. शिवाय टॉम हँक्सची ती रेंजर तुकडी, सेकंड रेंजर्सची सी कंपनी, प्रत्यक्षात 'प्रिन्स चार्ल्स' या ब्रिटिश जहाजातून, ब्रिटिश बोटींतून, ब्रिटिश खलाशांच्या हातून उतरली होती. सिनेमात हिगिन्स बोटी आहेत. नॉर्मंडीचा तो प्रसिद्ध फोटो आठवा, बोटीची फळी पडली आहे, पाण्यात उतरलेल्या सैनिकांच्या पाठी, पुढे धुरकट किनारा. तो तटरक्षक दलाच्या रॉबर्ट सार्जंट यांनी 'सॅम्युएल चेस' या ॲटॅक ट्रान्सपोर्टच्या बोटीतून काढला. फोटो सगळ्या जगाला माहीत, जहाजाचं नाव कितीजणांना ठाऊक असेल? 'अवे ऑल बोट्स' कितीही बाळबोध असो, तो कॅमेरा उलटा फिरवतो. बोटीत बसून किनारा न बघता जहाजाकडे बघतो. इतका वेळ जहाजाकडे बघणारा दुसरा सिनेमा मला सापडलेला नाही.

आता तो एक दस्तऐवजच झाला आहे. ११७ पैकी 'गेज' हे जहाज मूळ रूपात बरीच वर्षं टिकून होतं, तेही २००९ साली टेक्सासला भंगारात निघालं.

आता माझी चूक.

माझ्या आजोबांचे चुलत भाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावात हे नवल नाही. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र इथेच आहे, आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावात एखादा आप्पा निघतोच. आपल्या मंडळानं वीसेक वर्षांपूर्वी जुन्या सैनिकांच्या आठवणी टिपून घ्यायचं ठरवलं तेव्हा मी आप्पांना घेऊन आलो. त्यांनी मलायाचं सांगितलं. कंबरभर पाण्यात उतरलो, गाड्या वाळूत रुतल्या, गोळी एकही आली नाही. मग तिथून जावाला. आणि मधेच म्हणाले, "जाळीवरनं उतरायचं आम्ही पुण्याला शिकलो. खडकवासल्याला. जहाज होतं तिथं."

मी सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं, "आप्पा, पुण्याला समुद्र कुठला? मुंबईला मढ बेटावर असेल, तुमची गल्लत होतीय."

"होतं की रे जहाज," एवढं म्हणाले. मग चहा घेतला, बिस्कीट खाल्लं, आणि पुढे मी विचारीन तेवढंच बोलले. त्या दिवशीच्या टिपणात मी माझ्या हातानं लिहिलं : 'खडकवासला असे सांगितले, परंतु मढ असावे.' दोनेक वर्षांत आप्पा गेले.

पुढे कधीतरी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा इतिहास वाचताना कळलं. प्रबोधिनीसाठी खडकवासला निवडण्याच्या कारणांत तलाव, डोंगर आणि लोहगावचा विमानतळ तर होताच, पण तलावाच्या उत्तर काठावर युद्धकाळातलं संयुक्त सैन्य प्रशिक्षण केंद्र आणि एक नकली लँडिंग जहाज पडून होतं, हेही एक कारण होतं. सैनिकांना किनाऱ्यावर उतरायचं शिकवण्यासाठी ते उभारलेलं. नाव 'एचएमएस अँगोस्तुरा'. ब्रिटिश नौदलाची पद्धतच अशी की जमिनीवरच्या तळालाही जहाजाचं नाव द्यायचं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी नेहरूंनी पायाभरणी केली त्या जागेवर चार-पाच वर्षांपूर्वी भारतीय सैनिक जहाजातून उतरायचा सराव करत होते. मी इंजिनिअर. साचा म्हणजे काय, मॉडेल म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. खरं जहाज समुद्रातच लागतं, पण जाळीवरून उतरायला शिकायचं तर उंच भिंत आणि खाली पाणी, एवढं पुरे.

मलायाचं आप्पांचं वर्णनही तंतोतंत जुळतं. 'ऑपरेशन झिपर', ९ सप्टेंबर १९४५, मोरिबचा किनारा. जपाननं शरणागती पत्करली होती तरी ठरलेली उतरण पार पाडली, आणि मऊ किनाऱ्यावर गाड्या रुतून बसल्या. समोर लढायला कुणी असतं तर काय झालं असतं, यावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या खाड्यांमधून लँडिंग बोटींनी गेलेल्या ५१व्या ब्रिगेडनं कांगॉची लढाई लढली. त्यात सेकंड-सेकंड पंजाबचे प्रमुख होते आपले थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले. थोरातांबद्दल आपण अभिमानानं बोलतो आणि बोलावंच. त्यांना खाडीतून वर नेणाऱ्या बोटी कुणाच्या होत्या, कुणी चालवल्या, हा प्रश्न आपल्या एकाही निबंधात आलेला नाही, माझ्या धरून. बेलिंडाचा सिनेमा कॅप्टनच्या मागे धावतो म्हणून मी वर त्याला नावं ठेवली, पण आपल्या मंडळाच्या कागदांत वेगळं काय आहे?

सहाव्या वेळी सिनेमा पाहिला तेव्हा जाळीच्या प्रसंगात मी फक्त हात बघत होतो. सैनिकांना शिकवत की उतरताना जाळीचे उभे दोर धरायचे, आडवे धरायचे नाहीत. आडवा दोर धरला तर वरच्या माणसाचा बूट बोटांवर पडतो. हेल्मेटचा पट्टा सोडून ठेवायचा. ही माहिती मी इंग्रजी पुस्तकांत वाचली आणि वाचताना आठवलं, आप्पांनी त्या बैठकीत दोन्ही मुठी एकीखाली एक अशा हवेत धरून दाखवल्या होत्या, उभ्या दोरावर असतात तशा. मला वाटलं होतं म्हातारा रहाटाचं काहीतरी सांगतोय.

तर मंडळाच्या दप्तरातल्या त्या टिपणात दुरुस्ती करावी, अशी विनंती. 'परंतु मढ असावे' हे माझे शब्द खोडावेत. त्या जागी असं लिहावं : 'खडकवासला. जहाज होते.'